दमट हवेतली स्थितिक विद्युत

शिक्षकांकडे पगाराशिवाय दुसरं काही साठत असेल तर ते म्हणजे किस्से. त्यातही विज्ञानाच्या शिक्षकांकडे जरा जास्तच. भाषेच्या तासाला कविता फसली तर कोणाला कळत नाही. आमचा प्रयोग फसला की चाळीस पोरांना एकदम कळतं!

आणि सगळ्यात जास्त फसणारा धडा कुठला, तर सातवीचा ‘स्थितिक विद्युत’. कंगवा केसांवर घासा, कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे टुणकन उडून चिकटतात. पुस्तकात चिकटतात. चित्रात तर फारच छान चिकटतात. पण पुस्तक लिहिणाऱ्यांनी बहुतेक ठाण्या-डोंबिवलीची हवा खाल्लेली नसावी. इकडे खाडी आहे. हवेत इतका ओलावा की मीठसुद्धा बरणीतून हलवून काढावं लागतं, तिथे बिचारा प्रभार काय टिकणार?

मी हा धडा आधी ठाण्यात नौपाड्यातल्या शाळेत आणि मग डोंबिवलीजवळ कोपरच्या शाळेत शिकवत आलेय. परवा जुन्या मैत्रिणी जमलेल्या, तेव्हा म्हणाल्या, “अगं सामंत, ते तुझे करंटचे किस्से सांग ना!” तर घ्या.

* * *

नोकरीचं पहिलंच वर्ष. नौपाड्यातली शाळा, जुलै महिना. मी मोठ्या उत्साहाने सगळ्यांना प्लॅस्टिकचे कंगवे आणायला सांगितलेले.

“घासा!” म्हटलं. वर्ग घासायला लागला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकाही कपट्याने हालचाल केली नाही. एक मुलगा तर इतकं घासत होता की त्याचा भांग उजवीकडून डावीकडे गेला.

मग माझ्या लक्षात आलं. अख्ख्या वर्गाच्या डोक्यावर खोबरेल तेल! सगळी डोकी नुसती चमकत होती.

मी म्हटलं, “उद्या सगळ्यांनी केस धुवून यायचं. तेल लावायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आत एक आजी दारात उभ्या. नऊवारी, हातात छत्री. म्हणाल्या, “तुम्हीच का त्या नव्या बाई? आमच्या नातीला तेल लावू नको म्हणालात?”

“हो आजी, प्रयोग आहे.”

“प्रयोग तुमच्या डोक्यावर करा! पोरीचे केस मी जन्मापासून सांभाळलेत!”

आणि नातीला वर्गात ढकलून गेल्या. केसांतून तेल ओघळत होतं. म्हटलं, जाऊ दे, हिला नुसतं बघू दे. प्रयोग सुरू झाला. धुतलेल्या केसांवरूनही काही होईना, बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात मागून आरोळी आली, “मॅडम, माझा चिकटला! माझा चिकटला!”

आजींची नात. कंगव्याला खरंच चार कपटे लागलेले. सगळा वर्ग धावला, मीपण धावले.

तेलाने चिकटलेले!

* * *

त्याच शाळेत दामले बाई मुख्याध्यापिका होत्या. कडक. स्टाफरूममध्ये त्यांची चाहूल लागली की आम्ही हातातले वडे टेबलाच्या खणात टाकायचो. बोलणं एकदम शुद्ध, आणि साड्या त्याहून शुद्ध.

एकदा तपासणीला साहेब येणार होते. मी ठरवलं, काचेची कांडी आणि रेशमाचा प्रयोग करायचा. कांडी रेशमावर घासली की तिच्यावर धनप्रभार येतो. डिसेंबर होता, त्यामुळे जरा धीर आलेला. सगळी तयारी झाली, साहेब येऊन मागच्या बाकावर बसले, आणि रेशमाचा तुकडा सापडेना!

मी खण उघडतेय, कपाट उघडतेय. साहेब घड्याळ बघतायत. साहेबांशेजारी बसलेल्या दामले बाई शांतपणे उठल्या, पुढे आल्या आणि स्वतःच्या साडीचा पदर माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “घ्या. अस्सल रेशीम आहे.”

आता मुख्याध्यापिकेच्या पदरावर कांडी घासायची म्हणजे काय, ते तुम्ही कल्पना करा. मी आपली अंग चोरून घासली. कपट्यांजवळ नेली. काही नाही. बाई म्हणाल्या, “जोरात घासा, संकोच नको.” जोरात घासली. काही नाही.

साहेबांनी विचारलं, “काय मुलांनो, प्रयोग का बरं यशस्वी झाला नाही?”

पहिल्या बाकावरचा आमचा हुशार ओंकार ताडकन उभा राहिला. “सर, कांडी बरोबर आहे, पद्धत बरोबर आहे. म्हणजे साडी डुप्लिकेट असणार!”

साहेब हसले. एकटेच हसले. बाईंनी पदर माझ्या हातातून सोडवून घेतला आणि नीट खांद्यावर बसवला.

शनिवारी दुपारी त्या थेट ती साडी घेतलेल्या स्टेशनजवळच्या दुकानात गेल्या. सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलं. मी घाबरत घाबरत विचारलं, “काय म्हणाला दुकानदार?”

बाई म्हणाल्या, “तो म्हणाला, बाई, साडी नेसायला दिली होती, प्रयोगाला नाही!”

आणि मग दामले बाईंना मी पहिल्यांदा खळखळून हसताना बघितलं.

* * *

या धड्याला वैतागून मी एकदा पालकसभेत रडगाणं गायले, की काय करणार, आपल्याकडे चार्ज तयारच होत नाही. सभा संपल्यावर एक पालक मागे थांबले. वागळे इस्टेटमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा कागद बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. म्हणाले, “मॅडम, तुम्ही चार्ज तयार होत नाही म्हणून रडता. आम्ही तो घालवायचा पगार घेतो! पोरांना घेऊन या.”

मालकांची परवानगी काढून गेलो आम्ही. मशीनवर प्लॅस्टिकचा लांबच लांब पातळ कागद रोलवरून सुसाट पळत होता आणि पुढे गुंडाळला जात होता. सुपरवायझर काकांनी पिवळी रेघ आखून ठेवलेली, तिच्या पुढे जायचं नाही. आम्ही रेघेपाशी उभे राहिलो मात्र, आणि पोरींच्या वेण्यांमधून सुटलेले केस हळूहळू उभे राहायला लागले. मग हातांवरचे. मग माझेसुद्धा! आयुष्यात पहिल्यांदा पुस्तकातलं चित्र माझ्यासमोर उभं होतं, तेही माझ्याच डोक्यावर. पोरं किंचाळत होती, हसत होती, एकमेकांच्या डोक्यांकडे बोट दाखवत होती.

काकांनी समजावलं, “हा चार्ज जास्त झाला तर ठिणगी उडते. हात लागला तर माणूस झटक्याने मागे फेकला जातो. म्हणून मशीनला जमिनीशी तार जोडून तो सतत खाली सोडून द्यावा लागतो.”

मी विचारलं, “कोणाला काही शंका?”

एक हात वर आला. “काका, एवढा करंट तुम्ही फुकट जमिनीत सोडता?”

“हो रे बाळा.”

“मग लाइट गेल्यावर आमच्या वाडीत सोडा ना!”

* * *

मग माझं लग्न झालं, डोंबिवलीत राहायला आले आणि कोपरच्या शाळेत लागले. तिथे भोईर सर भेटले. पी.टी.चे सर, तिथल्याच गावातले, आवाज असा की माइक लागत नाही. आणि डोक्यावर एकही केस नाही.

त्या वर्षी सातवीत वेदांत नावाचा मुलगा होता. दिवाळीनंतर वडील गेले त्याचे. तेरा-चौदा दिवसांनी शाळेत आला तो डोक्यावर टोपी घालून. पोरं आपसात कुजबुजायची, हा कोणाशी बोलायचा नाही. आणि नेमका माझा तोच धडा आला. मी ठरवलं, प्रयोग पुढे ढकलू. पण पोरं ऐकतात थोडीच! “मॅडम, पट्ट्या आणल्यात आम्ही!” प्लॅस्टिकच्या पट्ट्या डोक्यावर घासून कपटे उचलायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. गटसुद्धा पाडून झालेले. वेदांत कोपऱ्यात खाली मान घालून बसलेला. म्हणाला, “मॅडम, मी नाही करत. मला केस नाहीत.”

भोईर सर खिडकीतून बघत होते. आत आले, स्वतःची टोपी काढून टेबलावर ठेवली आणि वेदांतच्या शेजारी त्या एवढ्याशा बाकावर कसेबसे बसले.

“मॅडम, आमचा दोघांचा एक गट,” म्हणाले. “चल रे, टोपी काढ. ह्यांना दाखवू.”

वेदांतने त्यांच्याकडे बघितलं. मग काढली टोपी.

आता खरं सांगते, मला काडीची आशा नव्हती. पण बाकी सगळ्यांची डोकी नेहमीसारखी तेलाने चोपडलेली, आणि ह्या दोघांची कोरडी ठणठणीत! वेदांतने पट्टी घासली आणि कपट्यांवर धरली. टपाटप उडाले. सरांनी त्यांच्या डोक्यावर घासली, टपाटप! सगळा वर्ग बाकांवर चढला.

“बगितलं का?” भोईर सर गरजले. “केस गेलं तरी करंट हाय!”

वेदांत त्या दिवशी हसला.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले तर पहिल्या बाकावर दोन पोरं चकचकीत टक्कल करून बसलेली. तिसऱ्याच्या आईचा फोन आला, “मॅडम, हा न्हाव्याकडे जायचं म्हणून हटून बसलाय. प्रयोगाचे मार्क किती आहेत?”

* * *

मधे जरा उत्तरपत्रिका. या मी घरी जोरजोरात वाचते, कारण तपासायच्या कंटाळ्यावर तेवढंच औषध.

प्रश्न: स्थितिक विद्युत म्हणजे काय? उत्तर: “जी वीज कुठेही जात नाही, एका जागी बसून राहते तिला स्थितिक विद्युत म्हणतात. उदा. माझा काका.”

प्रश्न: तडितरक्षक म्हणजे काय? म्हणजे इमारतीवर पडलेली वीज थेट जमिनीत जावी म्हणून लावतात ती धातूची पट्टी. उत्तर: “तडीपार झालेल्या लोकांचे रक्षण करणाऱ्यास तडितरक्षक म्हणतात.”

आणि माझं सगळ्यात लाडकं. शास्त्रीय कारण लिहा: हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. उत्तर: “डोंबिवलीत हिवाळा येत नाही.”

ह्याला मी शून्य दिलेलं. तो उत्तरपत्रिका घेऊन आला, मला खिडकीपाशी नेलं. बाहेर जानेवारीचं ऊन रणरणत होतं. म्हणाला, “मॅडम, तुम्हीच सांगा.”

मी अर्धा मार्क दिला.

* * *

पण येतो हो कधीकधी! एका वर्षी आला. चांगली कोरडी थंडी पडली आणि आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टने लोकांना झटके द्यायला सुरुवात केली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना पहिला बसला. मग दूधवाल्याला. लिफ्टच्या लोखंडी दाराला हात लावला की चट्! सेक्रेटरी नाडकर्णी काका बँकेतून रिटायर झालेले, अत्यंत गंभीर गृहस्थ. त्यांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने टेस्टर लावला, सगळं तपासलं, म्हणाला लिफ्ट ओके. तो गेला आणि काकांनाच झटका बसला! काकूंनी तर दाराला लिंबू-मिरची बांधली.

शेवटी आमच्याच बिल्डिंगमधली माझी एक विद्यार्थिनी, सई, संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, “मॅडम, ते नवीन पायपुसणं!”

झालेलं असं की दिवाळीत सोसायटीने लिफ्टसमोर हिरवंगार नायलॉनचं गवत अंथरलेलं. लोक रबरी चपला त्यावर फरफटत जायचे, अंगात प्रभार साठायचा आणि लोखंडाला बोट लागलं की तो बाहेर. मी तर पोरीला मिठीच मारली. आम्ही दोघी काकांकडे गेलो. सईने त्यांना सगळं समजावलं, घर्षण, प्रभार, विसर्ग. काका पेन घेऊन ऐकत होते, मान डोलवत होते. म्हणाले, “समजलं. उद्याच कारवाई करतो.”

आम्हाला वाटलं, गवत उचलतील.

सकाळी खाली उतरले तर गवत तिथेच, आणि वर बोर्डावर सूचना: “सर्व सभासदांना कळविण्यात येते की, लिफ्टसमोर कोणीही घर्षण करू नये.”

* * *

आता शेवटचा.

कोपरच्या शाळेत जानेवारीत विज्ञान प्रदर्शन असतं. उद्घाटनाला म्हात्रे आप्पांना बोलावलेलं. आप्पा म्हणजे तिथलं जुनं घराणं. एके काळी त्यांची भातशेती होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. शाळेचा हॉल त्यांनीच बांधून दिलेला. पांढरा लेंगा-सदरा, वर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर, कमी बोलणारा आणि बोलला की शब्द मागे न घेणारा माणूस.

माझ्या टेबलामागे सातवीतली स्वरा चव्हाण उभी होती. दोन फुगे दोऱ्याने टांगलेले, शेजारी लोकरीचं कापड. बोलायला धीट पोरगी. भाषण मीच पाठ करून घेतलेलं.

आप्पा प्रयोगशाळेच्या दारात आले आणि भोईर सरांनी मला दंडाला धरून बाजूला ओढलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा हळू झालेला ऐकला.

“मॅडम, त्या पोरीला दुसरीकडं उबी करा.”

“का?”

“आप्पांची नात हाय ती. लेकीची पोर.”

“अहो, मग चांगलंच की!”

“कसलं चांगलं! लेकीनं दुसऱ्या जातीत लगीन केलं. तवापासून आप्पा तिचं नाव घेत नाय. ह्या पोरीला त्यांनी कदी जवल पन घेतली नाय.”

मी विचारलं, “स्वराला माहितीये?”

“सगलं म्हायती हाय.”

आणि पाठ करून घेतलेलं भाषण मला आठवलं. पण उशीर झालेला. आप्पा टेबलासमोर उभे होते.

“नमस्कार,” स्वरा म्हणाली. “माझं नाव स्वरा संतोष चव्हाण.”

आप्पांचा चेहरा हलला नाही. पण ते पुढेही सरकले नाहीत.

स्वराने दोन्ही फुगे कापडावर घासले आणि सोडले. फुगे एकमेकांपासून लांब गेले आणि तसेच तिरके राहिले. “दोघांवर एकाच जातीचा प्रभार आहे. सजातीय प्रभार एकमेकांना दूर ढकलतात.”

मग तिने लोकरीचं कापड एका फुग्याजवळ नेलं. फुगा झुलत आला आणि कापडाला चिकटला. “हे विजातीय,” ती म्हणाली. “विजातीय एकमेकांना जवळ ओढतात.”

भोईर सर छताकडे बघत होते.

आप्पांनी विचारलं, “ह्ये कोनी ठरवलं?”

“कोणीच नाही ठरवलं,” स्वरा म्हणाली. “ते असंच असतं.”

“पुस्तकान हाय?”

“हो. पुस्तकातपण आहे आणि आमच्या घरीपण.”

मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

आप्पा त्या फुग्याकडे वाकले. मग म्हणाले, “परत दाखव.”

स्वराने इकडेतिकडे बघितलं. फुग्याचा दोरा सोडला, टेबलाला वळसा घालून पुढे आली आणि फुगा थेट आप्पांच्या स्वेटरवर घासायला लागली. छातीवर, चांगला जोर लावून. आप्पा हात खाली सोडून लहान मुलासारखे उभे. तिने हात काढला. फुगा तिथेच राहिला. लाल, डाव्या बाजूला.

आप्पांनी मान खाली घालून त्याच्याकडे बघितलं. मग स्वराकडे. वळले आणि चालायला लागले. पुढे ज्वालामुखी होता, पवनचक्की होती, पोरं हात जोडून तयार होती. त्यांनी काही बघितलं नाही. आम्ही सगळे मागे. म्हटलं, गेला हॉल!

व्हरांड्यात पालक उभे होते. आप्पांना बघून सगळे भिंतीला लागले. जिन्यापाशी एक बाई खांबाच्या आड सरकली. मी ओळखलं, स्वराची आई. आप्पा तिच्या समोरून पुढे गेले. एक पायरी उतरले.

आणि ती खांबामागून बाहेर आली.

“आप्पा,” ती म्हणाली. “आप्पा, फुगा चिकटलाय तुमाला.”

आप्पा थांबले. ती दोन पावलं पुढे झाली आणि फुगा काढायला तिने हात लांब केला.

आप्पांनी फुग्यावर हात ठेवला.

“र्‍हाव दे,” म्हणाले. “चिकटलाय त चिकटू दे.”